आडवं झालं की थांबणारं दुखणं

"थांबलं! डोकं थांबलं!" मठातल्या बाबांच्या सतरंजीवर आडवी पडलेली माझी धाकटी बहीण म्हणाली आणि शंभरेक माणसांनी टाळ्या पिटल्या. बाबांनी तिच्या कपाळावरचा आपला हात उचलून झटकला. "तुटली होती ब्रह्मांडाची वायर, जोडली मी!" मी स्वतः वायरमन. असली वायर कुठल्या दुकानात मिळते देव जाणे! तरी टाळ्या मीही वाजवल्या, हे आधीच सांगून टाकतो.

बहीण तीन आठवड्यांची बाळंतीण. ऑपरेशन करून मुलगी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून डोकं धरलं. बाळाला घ्यायला उठली की कळ, आडवी झाली की बरं. "काम दिसलं की दुखतं, गादी दिसली की पळतं!" हे माझंच वाक्य. सगळे खो खो हसलो होतो.

बाबांकडून घरी येईपर्यंत दुखणं परत हजर. "श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणत, की आई तिला घेऊन पुन्हा रांगेत. अशा सात खेपा झाल्या.

आठव्या खेपेला तिथे शेजारच्या नर्सताई भेटल्या, आपल्या सासूला परत न्यायला आलेल्या. सगळं ऐकून त्यांनी बहिणीला बाहेरच्याच बाकावर सपाट झोपवलं. दहा मिनिटांत तिचा चेहरा निवळला.

"अगंबाई, बाबा तर आत आहेत!" आई चक्रावली.

बाबा बाहेर आले. "माझी दृष्टी भिंतीपार जाते."

"मग ठेवा दृष्टी," नर्सताई म्हणाल्या. "ऊठ गं."

ती उठली आणि डोकं गच्च धरून ओकली. बाबा आत गेले.

"भूल पाठीत सुई देऊन दिली होती ना?" नर्सताईंनी विचारलं. "मेंदू पाण्यात तरंगतो, तेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं. सुईचं भोक बुजलं नाही तर ते पाणी गळतं, उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. बऱ्याच जणींचं आपोआप बुजतं. नाहीतर डॉक्टर तिचंच थोडं रक्त पाठीत त्या जागी सोडतात, गळती थांबते. आजच न्या."

"आज दमलीय पोर, उद्या नेऊ," आई म्हणाली. मी मान डोलावली.

सकाळी बहीण अंथरुणातूनच म्हणाली, "दादा, आज झोपूनही थांबत नाही रे." दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली. ओढल्या गेलेल्या शिरा फाटून डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं. ती परत आली नाही.

तिची लेक आता रांगायला लागलीय. तिच्याकडे बघवत नाही मला.

म्हणून हात जोडून सांगतो. कुणी म्हणालं, उठलं की डोकं दुखतं, झोपलं की थांबतं, तर पाठीत सुई घेतली होती का विचारा, आणि घेतली नसली तरी डॉक्टरकडे न्या. त्याच दिवशी न्या.