परतीचा काटा शून्यावर

मास्तरांनी पस्तीस वर्षं रेडिओ शिकवला. पहिल्या तासाचं वाक्य ठरलेलं: "केबल पोटातलं पोटात ठेवते, अँटेना तेच जगभर करते. दोन्ही तारच, पण कामं उलटी." वर्ग हसायचा.

बायको वारली तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसती केबल आहात." आणि लांबच्या बेटावर, हवामान केंद्रात नोकरी घेऊन निघून गेली. तिथे फोन लागत नसे. जाताना म्हणाली, "रविवारी दहाला आपल्या फ्रिक्वेन्सीवर असेन. वाटलं तर बोला."

वाटायला वर्ष लागलं. हट्टी माणूस, दुसरं काय! तोवर घरच्या रेडिओ सेटवरची धूळही झटकली नाही.

मग एका रविवारी माइक धरून ते ढसाढसा रडले. "पोरी, तुझ्या आईच्या खोलीत मला अजून पाऊल टाकवत नाही गं. चुकलो मी. ये परत." मीटरवर परतीचा काटा, म्हणजे अँटेनाकडून माघारी फिरलेली शक्ती दाखवणारा, शून्यावर होता. काही परत येत नाही, म्हणजे सगळं बाहेर गेलं. उत्तरात मात्र नुसती खरखर. असे सात रविवार गेले. पोरीने माफ केलं नाही असं मनाशी धरून त्यांनी सेट बंद केला.

तीन आठवड्यांनी बेटाची बोट उलटली. लेक त्या बोटीत होती.

तिच्या सहकाऱ्याने तिची वही पाठवली. मास्तरांनी तिच्यात ते सात रविवार शोधले. प्रत्येकासमोर एकच ओळ: "दहा वाजता बाबांना हाक मारली. उत्तर नाही."

मास्तर गच्चीवर धावले. अँटेनाकडे जाणारी केबल कापली, तर आतून पाणी ठिबकलं. भिजलेली केबल जाणारंही गिळते आणि येणारंही. अँटेनापर्यंत काही पोहोचत नाही, परतही काही येत नाही, आणि काटा शहाण्यासारखा शून्यावर बसतो. हे ते दुसऱ्या तासाला शिकवायचे. दिव्याखाली अंधार!

त्यांनी नवी केबल ओढली. वरातीमागून घोडं, पण हात स्वस्थ बसेनात. रविवारी दहाला ते बोलले, "पोरी, बाबा बोलतोय."

लगेच कुणा अनोळखी माणसाचा आवाज आला. "काका, अगदी स्वच्छ ऐकू येताय. कुणाला बोलावताय?"

"लेकीला," मास्तर म्हणाले. "दहाला ती ऐकत असते."