मधला ओ

सोमवारी रूपेश सरांनी विचारलं, "कोड टाकलास? चेक केलास?" मी म्हटलं, "हो सर." टाकला होता. चेक केला नव्हता.

आज गुरुवार, सकाळचे साडेदहा, आणि तपासणीच्या पानावर लाल अक्षरं: कोड अवैध. सहाव्यांदा. खारघरच्या आमच्या ऑफिसात एसी इतका लावतात की सगळे कुडकुडतात. माझ्या पाठीवरून मात्र घाम ओघळत होता.

वेबसाइट उलव्याच्या वामनकाकांची. स्वतःच्या जागेवर त्यांनी लग्नाचा हॉल बांधला, गिऱ्हाईक यावं म्हणून आमच्याकडून साइट करून घेतली. साइट किती जणांनी बघितली हे मोजणारा कोड त्यांच्या खात्यातून घेऊन साइटमध्ये टाकायचा, एवढंच माझं काम. तो चुकला की मोजणी बंद. माणसं येत असली तरी काकांच्या मोबाइलवर दिसणार शून्य. तीन दिवस ते तेच शून्य बघत होते.

मघाशी त्यांचा फोन येऊन गेला. "पोरी, तुजा दोष नाय. कुनी बगतच नाय तं काय करनार? अकराला पार्टी येतेय सहीला. पंधरा वर्सं हॉल त्यांच्या ताब्यात देऊन टाकतो. मला नाय जमत ह्ये."

मी "बरं काका" म्हणाले. बरं! माझी मलाच लाज वाटली. पण प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता, आणि पप्पांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आमची संघप्रिया परमनंट झाली. चूक कबूल केली तर माझी नोकरी जाणार, गप्प बसले तर काकांचा हॉल.

कोड मी फोनवरून लिहून घेतला होता, कारण काकांना फोटो काढून पाठवणं जमेना. माझ्या फोनवर कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. हेडफोन घालून तो जुना कॉल लावला. काका पहिलीतल्या पोरासारखे एकेक अक्षर वाचत होते. "सात... के... ओ... चार..." मीही तेच लिहिलं होतं.

परत लावला. आवाज वाढवला. 'के'नंतर लांबून, बहुतेक स्वयंपाकघरातून, बाईचा आवाज आला. "अवो, ऐकता का!"

"ओ!" काका म्हणाले. मग, "चार."

सुमित्राकाकूंनी नवऱ्याला हाक मारली होती, काकांनी ओ दिली होती, आणि मी शहाणीने इंग्रजी अक्षर समजून ती कोडात बसवली होती! मी तो मधला ओ काढला. लाल अक्षरं गेली, हिरवी आली, आणि शून्याच्या जागी आकडा चढायला लागला.

अकराला सात मिनिटं. काकांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. मी तिसऱ्यांदा लावला.

"कोन हाय?" सुमित्राकाकू. फोन घरातच राहिला होता. "ते भायेर सहीला बसलेत."

"काकू, सही करू देऊ नका!" मी उभी राहून ओरडले. "कोड मी चुकीचा टाकला होता. ते शून्य खोटं आहे. त्यांना म्हणावं, आत्ता मोबाइल बघा. हाक मारा त्यांना, लवकर!" सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. सरांच्या केबिनचं दार उघडंच होतं.

"अवो, ऐकता का!"

काही नाही. पंख्याची घरघर. कुणीतरी म्हणत होतं, "इथे करा काका. आणि इथे."

"अवो!"

"ओ!" आणि मग, "थांबा सायेब. बायको हाक मारतेय."

मी मटकन खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी आलं.

"संघप्रिया!" केबिनमधून सरांची हाक आली. एरवी मी "येस सर" म्हणते.

"ओ," मी म्हटलं, आणि केबिनकडे निघाले.