सोनैमुत्तूच्या जीपची उंची

तामिळनाडूतल्या कंबम गावच्या स्टँडवरून पहाटे वेलदोड्याच्या मळ्यांकडे जीपगाड्या घाट चढतात. त्यातली सोनैमुत्तूची जीप आमची. म्हणजे मालकी त्याची, पण तोडणीवाल्या बायका म्हणून इतकी वर्षं बूड आमचं आदळतंय, तेव्हा थोडा हक्क आमचाही.

गेल्या पावसात मळ्याच्या रस्त्यावर ती दोनदा दगडावर पोट टेकून बसली. राजांगम नावाचा दुसरा जीपवाला दात काढत शेजारून निघून गेला. ते सोनैमुत्तूच्या जिव्हारी लागलं आणि तो मोठे टायर घ्यायला मीरान भाईच्या दुकानात गेला. बाजार करून मी त्याच्याच जीपने परतत होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"पाच इंच मोठा टायर घेतलास म्हणून गाडी पाच इंच उचलत नाही," मीरान भाई म्हणाला. "एक्सल चाकाच्या मधोमध असतो. तुला मिळणार निम्मं, अडीच. एवढा टायर मडगार्डला घासेल, म्हणून स्प्रिंगचे पाटे वर घ्यावे लागतील. चढाला गाडी जड ओढेल. वेगाचा काटा पन्नास दाखवेल तेव्हा तू साठावर असशील. माझं ऐक, एकच माप वर जा. रिम तीच राहील, कशाला काही घासणार नाही."

"भाई, चारचौघांत उठून दिसली पाहिजे."

"जीप आहे का नवरदेव?"

सोनैमुत्तूने ऐकलं नाही. रुंद रिमा आल्या, दांडगे टायर आले, पाटे उचलले गेले आणि जीप चांगली सहा-सात बोटं वर गेली. दगडावर आता टेकायची नाही, हे खरं. स्टँडवरची पोरं तिच्याबरोबर फोटो काढायला लागली.

आम्ही मागून चढतो. आधी लोखंडी पायरी, मग दांडा धरून आत. तरण्या पोरी साडी खोचून उड्या मारत चढल्या. पंचाईत झाली ओच्चम्माची. ती आमच्या टोळीतली सगळ्यात वयस्क, आणि सोनैमुत्तूची सासू. तिचा उजवा गुडघा वर्षभरापासून वळत नव्हता. हे फक्त मला माहीत होतं. वेलदोडा झाडाच्या बुडाशी लागतो, दिवसभर उकिडवं बसून तोडावा लागतो. मुकादम तवमणीला कळलं की अमकीचा गुडघा गेला, की ती टोळीतून गेलीच. मागच्या हंगामात मायक्काला त्याने असंच घरी बसवलं. म्हणून ओच्चम्मा ओठ चावून सरळ चालायची, मुकादमाची पाठ फिरली की उजवा पाय लांब करून तोडायची, आणि संध्याकाळी माझ्या ओसरीवर पाय पसरून कण्हायची.

बरं, जावयाला सांगावं, तर आमच्यात सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. तो अंगणात आला की ती आत. जीपमध्येही ती अगदी मागे बसायची. थांबवायची असली तर माझ्या कानात सांगायची आणि मग मी ओरडायचे. जावईबापू, तुमच्या गाडीत मला चढता येत नाही, हे ती कुणाच्या तोंडाने सांगणार? आणि सांगितलं की गुडघ्याचं बिंग फुटणार.

काही दिवस मी तिला मागून ढकललं. एकदा तिची साडी पायरीत अडकून पार मांडीपर्यंत वर गेली आणि चहाच्या गाडीवरचे बाप्ये बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ती गुपचूप राजांगमच्या जीपमध्ये जाऊन बसली. त्याची गाडी जुन्या मापाची, बुटकी, आमच्याच मळ्यावरून पुढे जाणारी.

"नव्या रबराच्या वासाने मळमळतं," ती बायकांना म्हणाली.

राजांगमला तर आयतं कोलीत मिळालं. "काय सोनैमुत्तू, सासूचासुद्धा भरवसा नाही होय तुझ्यावर?" रोज सकाळी हेच. सोनैमुत्तू धुमसत राहिला आणि घरी जाऊन बायकोवर उखडला. "तुझ्या आईने गावासमोर माझं नाक कापलं. पोंगलला माहेरी जायचं नाही." ते कळलं त्या संध्याकाळी ओच्चम्मा माझ्या ओसरीवर गुडघ्यासाठी नाही, लेकीसाठी रडली. आणि वर मलाच शपथ घातली, कुणाला सांगू नकोस म्हणून.

असल्या शपथा मी पाळत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी स्टँडवर गेले आणि सोनैमुत्तूला बाजूला घेतलं.

"टेप लावून लावून चाकं मापलीस ना? सासूचा पाय किती उचलतो ते बघितलंस का कधी?"

"म्हणजे?"

सगळं सांगितलं. तो पायरीकडे बघत राहिला. "मला आधी का नाही सांगितलं, अक्का?"

"कोण सांगणार? आणि हे बघ, मुकादमाच्या कानावर गेलं तर तुझी जीभ हासडीन."

त्या दिवशी आम्हाला मळ्यावर सोडून तो थेट मीरान भाईकडे गेला. एकच माप वर, मधलं घे, असं भाई म्हणाला म्हणे. पण याने कंपनीचं मूळ मापच मागितलं आणि पाटेही खाली घेतले. हे बाकी शहाणपणाचं केलं त्याने. रात्री मी ओच्चम्मालाही शपथ मोडल्याचं सांगून टाकलं.

पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर हसण्याला ऊत आला. जीप बघून राजांगमने टाळी वाजवली. "हत्ती आणला होता, त्याची शेळी झाली की रे."

"माप चुकलं," सोनैमुत्तू खाली बघत म्हणाला. "वळणावर टायर घासत होता."

मुकादम तवमणी तिथेच चहा पीत होता. त्याने पेला ठेवला. "घाटात बायका नेतोस आणि तुला चाकाचं माप कळत नाही? उद्या दरीत घातल्यास तर मालक मला धरेल. सोमवारपासून ही टोळी राजांगम नेईल."

सोनैमुत्तूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटून उभा राहिला. दोन शब्द बोलला असता तर वाचला असता. मला त्याची अशी कणव आली की मीच बोलणार होते. तेवढ्यात राजांगमच्या जीपमागून ओच्चम्मा पुढे आली. डोक्यावरचा पदर नीट करून बाप्यांच्या घोळक्यात, जावयाच्या समोर उभी राहिली.

"टायर घासत नव्हता," ती मुकादमाला म्हणाली. "माझा गुडघा वळत नाही. मला चढता येत नव्हतं, म्हणून त्याने काढले. माप त्याला कळतं."

"आत्याबाई, कशाला…" सोनैमुत्तू पुटपुटला.

"तुम्ही गप्प बसा, जावईबापू." लेकीच्या लग्नापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

मुकादमाने तिच्या पायाकडे पाहिलं. "किती दिवसांपासून?"

"वर्ष झालं."

ती आमच्या जीपकडे आली, पायरीवर डावा पाय ठेवला, दांडा धरला आणि कुणाचा हात न घेता चढली.

टोळी सोनैमुत्तूकडेच राहिली. सोमवारी मुकादमाने नावं पुकारली, त्यात ओच्चम्माचं नव्हतं. आम्ही चढलो. पायरी इतकी खाली होती की लठ्ठ चिन्नतायीसुद्धा सहज चढली. मागच्या कोपऱ्यातल्या ओच्चम्माच्या जागेवर कुणी बसलं नाही.

"सगळ्या बसल्या का?" सोनैमुत्तूने पुढून विचारलं.

सगळ्यांच्या माना त्या कोपऱ्याकडे वळल्या. शेवटी मीच म्हणाले, "बसल्या. चल."