नऊ वाव पाण्यातली बोट

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी धनेशचा फोन आला, तेव्हा दयाराम रेडिओ केंद्राच्या गच्चीवरून नुकताच खाली उतरला होता. वारा वाढला होता, म्हणून अँटेनाच्या खांबाच्या तारा ताणून आला होता.

"भावोजी, इंजिन बंद पडलं," धनेश म्हणाला. "नांगर टाकलाय. नऊ वाव पानी हाय, पन्नासेक फूट. पन दोर जुना हाय, लय टिकंल असं वाटत न्हाय. जागंचा नंबर लिवून घ्या. बॅटरी संपतेय."

दयारामने फोन स्पीकरवर टाकला आणि पाठकोऱ्या कागदावर आकडे लिहून घेतले. अठरा, वीस, बावीस. बहात्तर, सत्तेचाळीस, पन्नास. पुढे काही विचारणार तोच फोन गेला, तो गेलाच. लावला तर लागेना.

धनेश म्हणजे दयारामच्या बायकोचा धाकटा भाऊ. बोटीवर तो आणि दोन खलाशी. बायको, कल्पिता, जाऊन आठ महिने झाले होते.

मुरुडच्या त्या छोट्या केंद्रात दयाराम एकटाच इंजिनिअर. केंद्राचा आवाज कुठवर पोचतो हे काढायचं एक सॉफ्टवेअर त्याच्या कॉम्प्युटरवर होतं. खांबाची उंची, मधले डोंगर, समुद्र, सगळं धरून ते हिशेब करी. त्यातच गावांची आणि टॉवरांची यादी होती. नाव शोधा किंवा आकडे घाला, नकाशावर लाल ठिपका पडे. दयाराम रोज ते वापरी. त्याने सवयीने आकडे घातले, १८.२०२२ आणि ७२.४७५०. ठिपका भर समुद्रात पडला. बाजूला सॉफ्टवेअरने तीच जागा अंश, मिनिटं, सेकंदांत करून दाखवली. ती त्याने बचाव कार्यालयातल्या साहेबांना फोनवर वाचून दाखवली. दोनच्या आत त्यांची लाँच निघाली.

तीन वाजता चंद्राबाई आली. धनेशची आई, दयारामची सासू. बातमी कळताच बाजारातून तशीच आली होती, हाताला मासळीचा वास होता. स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसली आणि समोर भिंतीकडे बघत राहिली. आठ महिन्यांत ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. कल्पिताला धाप लागत होती, त्या रात्री बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनवर पंच्याण्णव आकडा दिसत होता. "आकडा बरा आहे, सकाळी जाऊ," असं दयाराम म्हणाला होता. सकाळी उशीर झाला होता.

साडेतीनला साहेबांचा लाँचवरच्या सॅटेलाइट फोनवरून फोन आला. "दिलेल्या जागी पोचलोय. इथे काही नाही. वाहून गेली असेल. दक्षिणेला बघतो."

चंद्राबाईने ते ऐकलं. उठून कॉम्प्युटरपाशी आली.

"किती लांब हाय ती जागा?"

"बावन्न किलोमीटर."

"मला मैलात सांग."

"दर्याचे अठ्ठावीस मैल."

"आनि पानी किती म्हनला पोरगा?"

"नऊ वाव."

"मंग ही जागा खोटी हाय."

"आई, नकाशा आहे हा. यात चूक होत नाही."

"तुजा नकाशा कदी पान्यात उतरलाय का?" चंद्राबाई म्हणाली. "तुज्या सासऱ्यासंगं वीस वर्सं गेले मी. अठ्ठावीस मैलावर बावीस वाव पानी हाय. दोर तळाला लागायचा न्हाय तितं."

दयारामला राग आला. आपल्या कामात कुणी बोट घातलं की येतो तसा. धनेश घाबरलेला होता, नऊ की एकोणीस कोण जाणे, असं काहीतरी तो बोलणार होता. तेवढ्यात निवेदन करणारी शिवानी दारात येऊन उभी राहिली.

"दादा, मघाशी तुमचा फोन स्पीकरवर होता ना? त्याच्या मागे माझा आवाज येत होता. माझे सकाळी रेकॉर्ड केलेले बाजारभाव लागले होते तेव्हा. त्याच्या बोटीवर आपलाच रेडिओ चालू होता."

दयाराम वळला आणि आवाज कुठवर पोचतो तो नकाशा उघडला. किनाऱ्यावरून समुद्रात जाणारा हिरवा पट्टा बावीस किलोमीटरवर संपत होता. लाल ठिपका त्याच्या कितीतरी पलीकडे होता. तिथे या केंद्राचा रेडिओ लागणं शक्यच नव्हतं. मोबाइलही लागला नसता.

त्याने कागद ओढला. अठरा, वीस, बावीस.

बोटीवरचं यंत्र जागा अंशात आणि मिनिटांत दाखवतं. अठरा अंश, वीस पूर्णांक बावीस मिनिटं. एका अंशात मिनिटं साठ. दयारामने अंशांनंतर मिनिटं येतात हे धरलंच नाही, अठरानंतर नुसतं टिंब दिलं आणि सगळे आकडे सरसकट दशांशात घातले. एकदऱ्याच्या कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ही चूक करत नाही. सॉफ्टवेअरने चुकीचीच जागा नीटनेटकी करून दिली, म्हणून साहेबांनाही संशय आला नाही.

त्याने आकडे पुन्हा घातले, या वेळी अंश वेगळे, मिनिटं वेगळी. ठिपका किनाऱ्याकडे सरकला. अठरा किलोमीटर. हिरव्या पट्ट्याच्या आत.

पावणेचार झाले होते. चुकीच्या जागेपायी दोन तास गेले होते.

"आई," तो म्हणाला, "चूक माझी आहे. आकडे मी चुकीचे घातले."

चंद्राबाईने त्याच्याकडे पाहिलं. "परत?" एवढंच म्हणाली.

त्याने साहेबांना फोन लावला. आधीची जागा माझ्या चुकीने गेली, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. नवी जागा दोनदा वाचली आणि त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतली. साहेब म्हणाले, "निदान सव्वा तास लागेल. दोर टिकेल का?"

"माहीत नाही," दयाराम म्हणाला.

फोन ठेवून तो स्टुडिओत गेला. शिवानीने गाणं बंद केलं. माइकवर बोलायचं काम कल्पिताचं असे, दयाराम कधी बोलला नव्हता.

"धनेश, मी दयाराम. ऐकत असशील तर ऐक. लाँच चुकीच्या जागी गेली होती. आकडे मी चुकवले. आता तुझ्याकडे निघालीय, पाच वाजेतो पोचेल. तोवर धीर सोडू नको."

चंद्राबाईने त्याला दंडाला धरून बाजूला केलं आणि माइकजवळ वाकली.

"पोरा, आय बोलतंय. नांगराच्या दोराच्या भरवशावर ऱ्हाऊ नको. जाल्याचा दोर सोड, दुहेरी कर, दगडांची गोनी बांध नि दुसऱ्या बाजूनं खाली सोड. रडत बसू नको. त्या दोघांना जाग्यावर बसव, उभं ऱ्हाऊ देऊ नको."

दर पाच मिनिटांनी तिने तेच सांगितलं. पलीकडून उत्तर यायची सोयच नव्हती. बोटीवरचा रेडिओ चालू आहे की भिजून गेला, धनेश ऐकतोय की नाही, काही कळत नव्हतं. तिचा आवाज बसला, तेव्हा दयारामने सांगितलं, मग शिवानीने. बाहेर माड वाऱ्याने वाकत होते. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटं झाली.

सव्वापाचला फोन वाजला. दयारामला तो उचलवेना. शिवानीने उचलला आणि स्पीकर लावला.

"तिघेही मिळाले," साहेब म्हणाले. "नांगराचा दोर तुटलाय. जाळ्याच्या दोराने, गोणीवर धरून होते. बोट ओढून आणतोय."

मागे धनेशचा घोगरा आवाज आला. "आयला सांगा, आता बस झालं. पन्नास येळा तेच सांगितलंन."

चंद्राबाई बाकावर बसली. तिने पदर तोंडावर घेतला. दयाराम दोन हात लांब उभा राहिला. जवळ जावं की नाही ते त्याला कळेना.

"आई, त्या रात्रीसुद्धा मी..." तो बोलू लागला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. तोंड पुसलं आणि उठली. "आज बोललास. त्या टायमाला बोलला न्हवतास."

त्याने मान हलवली.

"गाडी काढ," ती म्हणाली. "बंदरावर जायाचं हाय. पोरं भिजलेली असतील."