तासाला ब्याण्णव कॉलरी

मित्रांनो, मी एक जुने शिलाईचे मशीन आहे. पण घराच्या कोपऱ्यात फुलाफुलांच्या अभ्र्याखाली बसलेले, सहा महिन्यांतून एकदा फाटका खिसा शिवणारे मशीन डोळ्यांसमोर आणू नका. मी कारखान्यातले. मला शर्टाची कॉलर सोडून काही येत नाही. बाही नाही, खिसा नाही, काज नाही. कॉलरीच्या कडेने टीप मारायची, टोकाशी वळायचे, पुन्हा टीप मारायची. सव्वीस वर्षे एवढेच केले. अख्खा शर्ट मी फक्त साहेबांच्या अंगावर पाहिला.

माझा पहिला कारखाना नदीकाठी होता. लांब दालन, उंच खिडक्या आणि चाळीस मशिनांची रांग. गावातल्या निम्म्या घरांतली कुणी ना कुणी बाई तिथे कामाला होती. नणंदा-भावजया शेजारी शेजारी बसायच्या. भांडणे घरून निघायची आणि जेवणाच्या सुट्टीत मिटायची. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलीला सगळ्या ‘वादळ’ म्हणत. तिला तिच्या मावशीने कामाला लावले होते, आणि मावशी तिच्या उजव्या हाताच्या मशीनवर होती.

इतर बायका कॉलरीच्या टोकाशी थांबायच्या, कापड वळवायच्या, मग पुढे जायच्या. वादळ जवळजवळ थांबतच नसे. डाव्या अंगठ्याने ती कापड असे काही फिरवायची की टोक रेखीव निघायचे. तिच्या हाताखाली मलाही चढल्यासारखे व्हायचे, खोटे कशाला बोलू?

वर्षातून एकदा घड्याळवाला यायचा. एका कॉलरीला किती वेळ लागतो ते तो मोजायचा आणि त्यावरून तासाला किती कॉलरी व्हायला हव्यात ते ठरायचे. त्या रांगेचा एक अलिखित नियम होता. घड्याळवाला आला की सगळ्यांनी हळू व्हायचे. त्याच्या लक्षात येईल इतके नाही, थोडेसेच. कुणाचा दोरा तुटायचा, कुणाच्या चष्म्यावर धूळ बसायची. मावशीची कात्री त्या दिवशी हमखास तीनदा पडायची. हा नियम आळशीपणाचा नव्हता. रांगेत साठीला टेकलेल्या बायका होत्या, बाळंतपणातून उठून आलेल्या होत्या, आणि आकडा सगळ्यांना मिळून पेलायचा होता.

त्या वर्षी घड्याळवाला वादळच्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “ऐकलंय, तुमच्यासारखा हात अख्ख्या कारखान्यात नाही.”

बस, एवढे पुरले. मावशीची कात्री पडली. “पडली गं बाई कात्री!” मावशी गरजेपेक्षा बरेच मोठ्याने म्हणाली. वादळला ऐकूच गेले नाही. तिची पाठ ताठ झाली, अंगठा फिरू लागला, आणि मीही मागचा पुढचा विचार न करता पळत सुटले. तासाला ब्याण्णव. घड्याळवाला “शाब्बास!” म्हणाला आणि त्याने कागदावर लिहिले.

सोमवारी फळ्यावर सगळ्या रांगेसाठी ब्याण्णवचा आकडा लागला. तो आकडा एका तरुण मुलीचा, एका तासाचा आणि कौतुकाच्या भरातला होता. रोजच्या आठ तासांत तो खुद्द वादळलाही झेपला नाही. मावशीने तीन आठवडे जिवाचा आटापिटा केला. पासष्टच्या पुढे तिची गाडी गेली नाही. चौथ्या आठवड्यात तिने चष्मा आणि कात्री पिशवीत घातली.

“मावशी, माझं चुकलं गं,” वादळ रडत म्हणाली.

“तुझा हात चांगला आहे, त्यात तुझं काय चुकलं?” मावशी म्हणाली. “पण हात चांगला आहे हे त्याला कशाला सांगायचं, पोरी?”

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत वादळच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसेना. मला तिची कीव यायची आणि माझी स्वतःची लाजही वाटायची. तिच्याइतकीच मीही हुरळले होते.

मित्रांनो, त्याच सुमारास जगात बऱ्याच गोष्टी एकदम जुळून आल्या. लोखंडाचे प्रचंड पेटारे निघाले, जे न उघडता जहाजावरून थेट ट्रकवर ठेवता येत. सीमेवरच्या जकाती उतरल्या. शर्टाचा नमुना टेलिफोनच्या तारेवरून एका दुपारी समुद्रापार जाऊ लागला. दुकानात माणसे एका शर्टाऐवजी तीन घेऊ लागली आणि तिन्ही स्वस्तच हवेत म्हणून अडून बसली. मोठी माणसे याला जागतिकीकरण म्हणतात. मी त्यात आणखी एक कारण धरते, ते म्हणजे घड्याळवाल्याचा कागद. कामाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्याची वेळ एकदा लिहून ठेवली, की ते काम कुठेही नेता येते. कॉलर शिवायला आता वादळ लागत नव्हती. आकडा आणि कुणीतरी बाई एवढे पुरे होते.

पुढच्या वर्षी परमुलुखातून सहा बायका शिकायला आल्या. त्यांतली एक माझ्यापाशी बसली. तिची धाकटी बहीण पलीकडच्या मशीनवर होती, म्हणून मी तिला थोरली म्हणते. आपल्या जागेवर कोण बसणार आहे, हे वादळला कळत होते. गावातल्या बायका त्या सहा जणींकडे पाहून नाके मुरडत. पण वादळने थोरलीचा अंगठा हातात धरून कापड फिरवायला शिकवले. दोघींची भाषा वेगळी. शेवटच्या दिवशी वादळने आपल्या मनगटावर घड्याळाच्या जागी बोट ठेवले, मान हलवली आणि हात अगदी सावकाश चालवून दाखवला. थोरलीने तिच्याकडे टक लावून पाहिले. मग तिनेही तसाच हात सावकाश चालवला. तिला नीट कळले होते.

महिनाभराने मी पेटाऱ्यात होते. नदीकाठचे दालन रिकामे झाले. वादळचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही, आणि ही गोष्ट मला आजही छळते.

नव्या जागी पत्र्याचे छप्पर होते, खिडक्या नव्हत्या, पण फळ्यावरचा आकडा तोच होता. थोरली कशीबशी तो गाठायची. धाकटीला ते जमत नव्हते, शिवाय तिला सातवा महिना लागला होता. थोरली आपल्या पुऱ्या झालेल्या कॉलरी गुपचूप तिच्या ढिगात सरकवायची आणि बोलणी स्वतः खायची. धाकटीचे काम टिकवायचे, एवढा एकच ध्यास तिला होता.

मग तिथला घड्याळवाला आकडा पुन्हा तपासायला आला. आदल्या दिवशी थोरली रांगेतल्या प्रत्येकीपाशी जाऊन सांगून आली होती, “उद्या कुणी शहाणपणा करायचा नाही. माझी शपथ आहे.” आणि खरोखर कुणी केला नाही. दोरे तुटले, चष्मे पुसले गेले. मीसुद्धा दोनदा उगाच अडले. आकडा अडुसष्टवर आला. त्या दुपारी त्या दालनात मी पहिल्यांदा बायकांना हसताना ऐकले. धाकटी पाठ टेकून पाणी प्यायली.

आठ महिने बरे गेले. धाकटीला मुलगी झाली आणि ती कामावर परत आली. मग एका सकाळी मेकॅनिक पाने घेऊन आला आणि माझे स्क्रू सैल करू लागला.

“अहो दादा, हे काय चाललंय?” थोरलीने विचारले.

“मशिनं दुसरीकडे चाललीत. इथले हात मंद आहेत म्हणे.”

“मंद?” थोरलीचा आवाज चढला. “तिकडच्या बाईनं जोरात केलं, तिचं काम गेलं. आम्ही हळू केलं, आमचं जातंय. मग करायचं तरी काय, सांगा ना!”

मेकॅनिकने खाली पाहत उरलेला स्क्रू काढला. त्याचे काम तरी कुठे राहणार होते? धाकटी कडेवरच्या मुलीला घेऊन दारात उभी होती. थोरलीला तिच्याकडे बघवेना.

तिसऱ्या ठिकाणी आकडा माझ्याआधीच पोचला होता, तोही पुन्हा ब्याण्णव. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी नाव ठेवण्याआधीच तो दिवस उजाडला. घड्याळवाला तिच्या मागे उभा राहिला आणि तिची पाठ ताठ झाली. ती पाठ मी ओळखली. तिचा हात वादळपेक्षाही चपळ होता. ती शंभर करून दाखवणार, हे मला पहिल्या कॉलरीलाच कळले. तिला सावध करायला शेजारी मावशी नव्हती. मग मी माझ्या परीने केले. मी सुई मोडली. नवी घातली, तीही मोडली. तिसरीही मोडली. मला वाटले, मी तिला वाचवतेय.

घड्याळवाल्याने कागदावर लिहिले, “सुया मोडते.” दुपारच्या आत तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसली आणि माझ्या जागी नवे मशीन आले, जे कधी अडत नाही. आता मी मागच्या आवारात भंगारात पडले आहे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे तेल मागत नाही. माझी काळजी सगळीकडे घेतली गेली. तिन्ही कारखान्यांत मला तेल घालायची तारीख भिंतीवर लिहिलेली होती. बायकांच्या दुखऱ्या खांद्यांची नोंद मात्र मी कुठेच पाहिली नाही. नदीकाठच्या बायकांना वाटले, थोरलीने त्यांच्या पोटावर पाय दिला. थोरलीच्या गावाला तेच तिसऱ्या गावाबद्दल वाटत असेल. वादळ, थोरली आणि ही तिसरी, या तिघींपैकी एकीनेही दुसरीचे काही घेतलेले नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण तिघींच्या हाताखाली राहिलेले मी एकटेच आहे.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातल्या कुणाच्या तरी हातात ते घड्याळ येईल. तेव्हा कामाला बसलेल्या बाईचे कौतुक करू नका. तिला विचारा की दिवस संपत आला आणि घरी बाळ वाट पाहत असले, म्हणजे ती तासाला किती शिवते. ती जो सांगेल तोच आकडा लिहा.