आत्यानं ठेवलेलं नाव

एकाहत्तर सालचं सांगते. माजा धाकटा भाऊ गहिनीनाथ आन् त्याची चांगुणा नगरच्या अनाथाश्रमातनं लेक घेऊन आले. सांगावा मिळाला तशी मी केडगावहून येष्टी धरून राहात्याला पळाले. आत्या झाले हुते ना मी! एवढुशी पोर, पन जावळ काळंभोर, गालाला खळी. अगं बया, मला तर काय करू आन् काय नको असं झालं. कडाकडा बोटं मोडून दिष्ट काढली.

पन आमची आय, मालनबाई! ती उंबऱ्यात फुरंगटून बसल्याली.

"दत्तक घ्यायचा तर भाऊबंदातला पोरगा घ्यावा. पोरगी कुनी घेतं व्हय? ती बी कुना परक्याची! मी न्हाई मांडीवर घ्यायची."

चांगुणाच्या डोळ्याचं पानी खळंना. "वन्सं, सासूबाईंनीच हात लावला न्हाई तर आळीत कोन लावंल हिला?"

खरंच हुतं ते. सारी आळी आयच्या तोंडाकडं बघून चालायची.

"रडतीस काय येड्यावानी? उद्या बारसं करायचं," मी म्हनले.

शेजारची बनुबाई तेवढी भली. तिचं पोर अंगावर पीत हुतं. "एकाला पाजते तिथं दोघांना," म्हनली, आन् घरचा पाळणा बी आनून दिला. मी घुगऱ्या शिजवल्या. बाया आल्या, पन भिंतीला टेकून आयकडंच बघत बसल्या. आय कोपऱ्यात पाठ करून.

मग मलाच आला राग! पोरीच्या कानात कुर्रर्र केलं आन् समद्यांना आयकू जाईल असं नाव सांगितलं, "मनकर्णा!"

मनकर्णा म्हंजी आयची आय. आय ताडकन उठली, आली ती थेट माज्याकडं, आन् पाठीत असा बुक्का घातला की डोळ्यांपुढं काजवे! नाव ठेवल्यावर आत्याला बुक्के मारायची रीतच हाय; पन ह्यो रीतीचा का रागाचा, कुनाला कळंना.

"भवाने, माज्या आयचं नाव? आता हिला हाक कशी मारू मी? रागं कशी भरू?"

"नगंच भरू," मी बी ठसक्यात म्हनले.

तेवढ्यात पोरीनं भोकाड पसरलं. आय पाळण्याकडं वळली. मग वाकली, तिला उचलून छातीशी धरलं, आन् रडत रडतच म्हनली, "उगी, आये, उगी."

मग काय! साऱ्या बाया उठल्या आन् माज्या पाठीत धपाधप बुक्के. मी आपली हसतीय, रडतीय, आन् वरडतीय, "मारा गं, आजून मारा!"