खाकरणारा ॲम्प्लिफायर

मित्रांनो, मी जुना आहे, जड आहे आणि दिसायला अगदी ओबडधोबड आहे. कुठल्याही कंपनीचं नाव माझ्या अंगावर नाही. मी कोल्हारच्या एका घरात, हातानं बनवलेला, काचेच्या दिव्यांसारख्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर आहे. तारेचा बारीक आवाज मोठा करायचा, एवढंच माझं काम. पण मध्यंतरी माझ्यातून एक वेगळाच आवाज यायचा. तो आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मला विल्सनभाऊंनी बनवलं. ते नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळायचे. माझी पेटी चर्चच्या मोडक्या बाकाची, व्हॉल्व्ह एका बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचे आणि ट्रान्सफॉर्मर भाऊंनी रविवारी घरी बसून गुंडाळलेला. काय थाट होता माझा तेव्हा! नाताळची कॅरोल गाणी गात फिरताना टेम्पोत पहिली जागा माझी. लग्नात लोक विचारायचे, "कुठून आणलाय हो हा?" भाऊ नुसते हसायचे. गाण्याआधी घसा खाकरायची त्यांना सवय होती. एकदा "खर्र" करायचे आणि मग तारेला बोट लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात छातीत कळ आली आणि भाऊ गेले. दफनाच्या वेळी त्यांच्या पत्नी मरियाबाई रडल्या नाहीत. घरी आल्या आणि स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल त्यांनी माझ्यावर घातला, टीव्हीवर घालतात तसा. संध्याकाळची प्रार्थना झाली की त्या मला चालू करायच्या आणि समोर बसून राहायच्या. गिटार जोडलेली नसायची.

एकदा माझ्यातून आवाज आला, "खर्र."

मरियाबाई ताडकन उठल्या. "आलात व्हय?" म्हणाल्या.

तो आवाज माझाच होता का? देवाशपथ सांगतो, मला कळलं नाही. म्हातारे व्हॉल्व्ह तापले की खरखरतात, हे मला ठाऊक आहे. पण असं माणसासारखं खाकरणं माझ्यातून कधी निघालं नव्हतं.

माझ्या पाठीमागे एक बारीक स्क्रू आहे. व्हॉल्व्हमधून किती करंट जाऊ द्यायचा, ते त्यानं ठरतं. त्याला बायस लावणं म्हणतात. भाऊंना तो फिरवताना बाईंनी पाहिलं होतं. एके दिवशी आवाज येईना, तेव्हा त्यांनीही तो जरासा फिरवून पाहिला. व्हॉल्व्हच्या काचेआडचा पत्रा लाल झाला आणि पुन्हा "खर्र" आलं. झालं! रोज थोडा थोडा फिरवू लागल्या. माझ्या अंगाची नुसती लाही लाही व्हायची. रुमाल करपून तपकिरी झाला. पण त्या लाल उजेडात बाई इतक्या निवांत दिसायच्या की मला वाटायचं, असू दे.

त्यांची मुलगी मोनिका नगरला नोकरी करते. सुट्टीला आली आणि दारातच तिला जळका वास आला.

"मम्मी, व्हॉल्व्ह लालबुंद झालेत! ट्रान्सफॉर्मर जळेल ना!"

"हात नको लावू त्याला. तुझे पप्पा हायेत त्यात."

मोनिकानं ऐकलं नाही. ती वडिलांजवळ शिकलेली. तिनं बायस नीट लावला, रुमाल काढला आणि गेली. पुढच्या सुट्टीला आली तर मी पुन्हा लाल. बिचारीला वाटलं, एखादा पार्ट गेला असेल. तो बदलायला ती माझ्यामागे वाकली, तर मरियाबाईंच्या हातातून शिवणयंत्राचा छोटा स्क्रूड्रायव्हर खाली पडला.

"तू फिरवतेस हा?"

"मग काय करू? ह्यो गप झाला की घर खायला उठतं गं."

मोनिका रागावली नाही. तिनं माझ्या तारांना करंट मोजायचा मीटर जोडला आणि तोच स्क्रूड्रायव्हर आईच्या हातात दिला. "हा जळला तर पप्पांच्या हातचं काहीच उरणार नाही, मम्मी. तूच फिरव. मी काटा बघते."

 बाईंनी माझ्या स्पीकरच्या जाळीजवळ तोंड आणलं आणि हळूच विचारलं, "जाता का?"

माझ्या आत कुठेतरी अगदी बारीक "खर्र" झालं. मी केलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू फिरवला.

"अजून," मोनिका म्हणाली. "अजून थोडा. बास."

पत्र्याची लाली उतरत गेली आणि तो काळा पडला. बाई कान देऊन बसल्या, पण "खर्र" काही आलं नाही. मग माझ्या पेटीवर डोकं टेकून त्यांनी हंबरडा फोडला. "गेले गं मोनिका. आज गेले तुझे पप्पा." मोनिकानं त्यांना कुशीत घेतलं.

आता मोनिका सुट्टीला येऊन माझ्यावर वाजवते. मी पूर्वीसारखा लाल होत नाही. तरी वाजवून झाल्यावर माझ्या आतली ती शांतता मला भिववते, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, जुनं यंत्र तापू लागलं, वास मारू लागलं, तर त्याला झाकून ठेवू नका. बंद करा, जाणत्या माणसाला दाखवा. आणि घरात कुणी रडायचं राहिलं असेल, तर त्याला एकटं सोडू नका. मरियाबाई एवढे दिवस माझ्यासमोर बसल्या, पण मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवता आला नाही. मला हातच नाहीत. तुम्हाला आहेत.